बंद करील त्यानं बसायचं

रहीम ज्या फ्लाइंग क्लबात आयुष्यभर मेकॅनिक होता, तिथे एक नियम होता. तो कुठे लिहिलेला नव्हता, म्हणूनच बहुधा पाळला जाई. ज्यानं विमानाचा पंख उघडला, दुरुस्त केला आणि कापड चढवून पुन्हा बंद केला, त्यानं पहिल्या उड्डाणाला वैमानिकाच्या शेजारी बसायचं. बंद करील त्यानं बसायचं, मग तो हेल्पर असो की साहेब. त्यामुळे तिथे गाठ मारताना कुणी जांभई देत नसे.

रहीम असा कितीदा बसला याची गणती त्यानं ठेवली नव्हती. त्याच्या बायकोनं, आबेदानंही ठेवली नव्हती, पण तिला ते सगळे दिवस अंगावर काढलेल्या दुखण्यासारखे आठवत. तिचं शिलाईचं दुकान नारायण पेठेत, एका बोळाच्या तोंडाशी. मशीन ठेवल्यावर आत शिरायला माणसाला तिरकं व्हावं लागे, एवढंच ते दुकान. घरात ती दखनी बोली बोले, दुकानात मराठी. पेठेतल्या बायकांचे ब्लाउज शिवता शिवता तिची जीभही पेठेतलीच झाली होती. रहीम उड्डाणाला बसायचा त्या दिवशी ती मशीनपाशी बसे, पण सुईत दोरा ओवत नसे. गिऱ्हाईक आलं तर "उद्या या" म्हणे. का, ते सांगत नसे. दुकानदारानं कारण सांगावं अशी त्या पेठेत कुणाची अपेक्षाही नसते.

संध्याकाळी रहीमची सायकल भिंतीला टेके. आबेदा मान वर न करता विचारी, "आलात?"

"आलो."

मग ती दोरा ओवी. त्यांची मुलगी जरीना लहानपणी मशीनखाली बसून हे ऐकत आली होती. याहून जास्त बोलणं त्या विषयावर त्या घरात कधी झालं नाही.

दुकानाचीही एक रीत होती. कापड कुठल्याही रंगाचं असो, कच्चा टाका लाल दोऱ्यानंच घालायचा. लाल दोरा दिसला म्हणजे काम पुरं झालेलं नाही, त्यावरून अजून आबेदाचा हात फिरायचा आहे. रहीम निवृत्त होऊन दुकानात बसू लागला तेव्हा हे कच्चे टाके त्याच्याकडे आले. तो ते घाली आणि कपडा तिच्या मशीनशेजारी ठेवून देई. सांगायची गरज नसे.

पण स्टुलावर बसून रस्ता बघण्यात रहीमचा जीव रमेना. अशात एक दिवस खराडीचा संपत त्याला शोधत दुकानात आला.

संपत शेतकऱ्याचा मुलगा. त्याच्या वडिलांच्या, म्हणजे गेनबांच्या, वावरावरून लोहगावला उतरणारी विमानं इतकी खालून जात की मळणीच्या वेळी बैल बुजत. आता त्या वावरात काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या. भावकीतल्या बाकीच्यांनी मोठमोठ्या गाड्या घेतल्या. संपतनं चाळिशी उलटल्यावर रीतसर उडायला शिकून घेतलं, आणि कुठल्याशा बंद पडलेल्या शेडमध्ये कोंबड्यांच्या शेजारात धूळ खात पडलेलं एक दोन सीटचं जुनं पुष्पक विमान घेऊन आला. विमान म्हणजे काय, सांगाडाच तो.

"ह्याच्यापरीस ट्रॅक्टर घेतला असतास, तर नांगरला तरी असता," गेनबा म्हणाले.

"कुठं नांगरणार होतो, आबा?" संपतनं विचारलं.

ते विमान पुन्हा उडतं करायचं काम रहीमनं अंगावर घेतलं. वावराच्या उरलेल्या तुकड्यावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये तो रोज जाऊ लागला आणि दहा वर्षांनी तरुण दिसू लागला. कापडाची वेळ आली तेव्हा त्यानं आबेदाला बोलावलं.

पंखाला कापड कसं चढवतात हे सगळ्यांना ठाऊक असेल असं नाही. पंख म्हणजे आत ओळीनं बरगड्या बसवलेला सांगाडा. त्यावर उशीच्या अभ्र्यासारखी कापडाची खोळ चढवायची. मग प्रत्येक बरगडीपाशी, मेण लावलेल्या दोऱ्यानं, दोन्ही अंगांचं कापड बरगडीला शिवून टाकायचं, टाक्याटाक्याला गाठ मारत. ती गाठ सुटली तर हवेत कापड फुगतं आणि बरगडीपासून निघून येतं. कापड निघालेल्या पंखावर विमान तरंगत नाही. टाके झाले की वरून कापडाचीच पट्टी चिकटवायची आणि तिच्यावर डोप नावाचं उग्र वासाचं रोगण मारायचं. त्यानं सगळं ढोलकीच्या पानासारखं ताणून बसतं. पट्टी बसली की गाठी दिसत नाहीत.

हे शिवायला दोघं लागतात. पंख उभा करायचा आणि एकानं या बाजूला, एकानं त्या बाजूला बसायचं. हातभर लांबीची सुई इकडून खुपसायची, पलीकडच्यानं ओढून घ्यायची, गाठ मारायची आणि सुई परत पाठवायची. मध्ये कापडाची भिंत, त्यामुळे एकमेकांची तोंडं दिसत नाहीत. दिसते ती सुई. गाठी रहीमच्या बाजूला होत्या.

इतक्या वर्षांच्या संसारात दोघांनी मिळून असं एक काम कधी केलं नव्हतं. समोर बसल्यावर जे रहीमच्या तोंडून कधी निघालं नसतं ते कापडाच्या आडून निघे.

"तुझ्याशी ठरलं तेव्हा मला वाटलं होतं, ही फार बोलते," एकदा पलीकडून आवाज आला.

"मग?"

"मग काय. सुई पाठव."

आबेदा त्या दिवशी घरी जाईपर्यंत हसत होती. म्हातारपणी सुखी होता येतं याचं तिला नवल वाटत होतं, आणि थोडी लाजही.

मग एका दुपारी सुई गेली ती परत आलीच नाही. तिनं कापडावर टिचकी मारली. पलीकडे काही हालचाल नाही. ती उठून गेली, तर रहीम सुई हातात धरून बसला होता. "ही कुठल्या बाजूनं घालायची?" त्यानं तिला विचारलं. चेहऱ्यावर अगदी खरा प्रश्न होता.

आबेदानं त्याच्या गाठी बोटानं ओढून पाहिल्या. काही घट्ट होत्या, काही नुसत्या सरकून आल्या. हा माणूस ती गाठ झोपेतसुद्धा मारू शकला असता. त्या महिन्यात किल्ल्या फ्रिजमध्ये सापडल्या होत्या, एकदा तो दुकानाचा बोळ चुकून पुढे लक्ष्मी रस्त्यापर्यंत गेला होता, आणि ती प्रत्येक वेळी वयावर ढकलून मोकळी झाली होती. आता ढकलायला जागा उरली नाही.

तिनं कुणाला सांगितलं नाही. संपतला नाही आणि जरीनालाही नाही. सांगितलं असतं तर त्याच दिवशी विमान रहीमच्या हातातून गेलं असतं, आणि मग त्याच्याकडे काय उरणार होतं ते तिला स्वच्छ दिसत होतं: स्टूल आणि रस्ता. म्हणून तिनं एक सोय काढली. दुपारी तो नमाज पढून शेडबाहेरच्या बाजेवर पडला की ती त्याच्या बाजूला जाऊन बसे आणि सुटणाऱ्या गाठी सोडून नव्यानं मारी. तेवढं एक बरं होतं की तो दोऱ्याची टोकं आता कापत नसे, लांबच सोडून देई, त्यामुळे पुन्हा गाठ मारता येई. पण जन्मभर ज्यानं टोकं नखाएवढी नेटकी कापली त्याचं ते गबाळं काम पाहून तिला भडभडून येई. ती तशीच गाठ मारी, टोक कापी आणि उठे.

काम शेवटच्या दोन-तीन बरगड्यांवर आलं होतं तेव्हा हिंजवडीला जरीना तापानं आडवी झाली. ती तिथे एका कंपनीत नोकरीला होती आणि एकटीच राहत होती. आबेदाला जाणं भाग होतं.

"मी येईपर्यंत पंखाला हात लावू नका," तिनं रहीमला बजावलं.

"नाही लावत," रहीम म्हणाला.

ती परत आली तेव्हा डाव्या पंखाच्या टोकाच्या त्या बरगड्यांवर पट्ट्या बसलेल्या होत्या. डोप वाळून चकाकत होता.

"हे कुणी केलं?"

"मीच."

"पलीकडे कोण होतं?"

"मीच की. इकडून तिकडे फिरत होतो."

"आणि गाठी?"

रहीम हसला. "गाठींना काय, तू आहेस की."

त्याचा आजचा दिवस काही बरा दिसत नाही, असं तिला वाटलं. पट्टी फाडून बघायची, हे तिनं तिथल्या तिथे ठरवलं. पण त्याच्यादेखत कशी फाडायची? तो कौतुकानं पट्टीवरून हात फिरवत उभा होता. उद्या बघू, ती मनाशी म्हणाली. उद्या तो दिवसभर पंखापासून हलला नाही. परवा पाहुणे आले. आणि पुढच्याच आठवड्यात, दुकानात स्टुलावर बसल्या बसल्या, रहीम गेला. लोक म्हणाले, पुण्यवान होता, कुणाला त्रास दिला नाही.

नवऱ्यामागे पाळायच्या इद्दतीचे महिने आबेदा घराबाहेर पडली नाही. तेवढ्यात संपतनं रंग उरकून घेतला. ती पुन्हा शेडमध्ये गेली तेव्हा पांढऱ्या पंखावर निळी रेघ होती आणि गाठीबिठी त्याखाली कधी होत्या की नाही हे सांगता आलं नसतं.

तपासणीला गोपाळकृष्ण लिमये आले. सही करण्याचा अधिकार असलेले इंजिनिअर, रहीमच्याच क्लबातले. तोंडानं तिखट, कामाला चोख. इंजिन, तारा, चाकं, सगळं त्यांनी दोन दिवस धसाला लावलं आणि संपतला घाम फोडला. पंखापाशी मात्र ते नुसते उभे राहिले.

"नियमानं मी एखादी पट्टी उचलून बघायला पाहिजे," ते म्हणाले. "पण रहीमभाईंच्या गाठी मी तपासायच्या म्हणजे त्यांनी मला शिकवलेलं मी त्यांनाच विचारण्यासारखं आहे." मग आबेदाकडे वळून म्हणाले, "भाभी, पलीकडच्या बाजूला तुम्हीच होतात ना? शेवटपर्यंत?"

पंखावर रहीमचा अख्खा जन्म चिकटवलेला होता. "होते," आबेदा म्हणाली.

लिमयांनी सही केली. "आता बसायचं कोणी हा प्रश्न आहे. रहीमभाई असते तर प्रश्न नव्हता."

"मी एकटा जातो की," संपत म्हणाला.

"मी बसेन," आबेदा म्हणाली. "अर्धा पंख मी बंद केलाय."

लिमयांचे डोळे भरून आले. ही त्यांच्या बाबतीत इतकी अपूर्व गोष्ट होती की ते चष्मा पुसायला शेडबाहेर गेले. सगळ्यांना वाटलं, नवऱ्याचा शब्द राखायला बाई जिवावर उदार झाली. खरं कारण इतकं थोर नव्हतं. त्या गाठी सुटायच्या असतील तर त्या वेळी आपण खाली उभं राहून वर बघायचं नाही, एवढंच तिनं ठरवलं होतं. तोंड उघडण्यापेक्षा तिला ते सोपं वाटत होतं.

जरीना धावत दुकानात आली. "अम्मी, तू सिरियसली त्या विमानात बसणारेस? धिस इज टू मच हां. काही झालं तर?"

"तुझे अब्बू बसायचे."

"अब्बूंचं वेगळं होतं. अब्बूंना माहीत असायचं आत काय आहे ते."

आबेदानं मशीनवरचं कापड उचलून त्याची घडी घातली. जरीना रागानं तशीच हिंजवडीच्या बसला निघून गेली.

उड्डाण रविवारी ठरलं, हडपसरच्या बाजूच्या गवती धावपट्टीवर. शुक्रवारी दुपारी दुकानाच्या दारात गेनबा उभे राहिले. स्वच्छ धोतर, डोक्यावर इस्त्रीची टोपी. खराडीहून बस बदलत बदलत आले होते. काय काम काढलंत विचारलं तर म्हणाले, "काय न्हाई. पानी द्या."

पाणी पिऊन ते दाराच्या पायरीवर टेकले. म्हणाले, "भाभी, खरं सांगू का? म्या त्या इमानाला लई भेत होतो. रातच्याला झोप न्हवती. संपत माजं एकलं पोरगं हाय. त्याला न्हाई म्हनायची माजी टाप न्हाई, आन त्याची आई असती तर तिनं त्याला खुंट्याला बांधला असता."

"मग आता?"

"आता तुमी बसनार म्हनल्यावर माजा जीव भांड्यात पडला. रहीमभाऊनं बांदलंय, आन त्येच्या घरची बाई सोता बसतीया. म्हंजे आत खोट न्हाई. म्या काल आडवा पडलो ते सकाळीच उठलो." त्यांनी तांब्या खाली ठेवला. "येवढंच सांगाया आलो व्हतो."

गेनबा गेले. आबेदा मशीनपाशी बसली. तिनं दोरा हातात घेतला, सुईजवळ नेला, आणि तसाच खाली ठेवला. बंद करील त्यानं बसायचं, हा नियम कशासाठी होता हे ती इतकी वर्षं जाणून होती. बसणाऱ्याला आत काय आहे ते माहीत असतं, म्हणून बाकीच्यांनी निर्धास्त राहायचं. आणि इथे ती तोच नियम पांघरून बसली होती, काही माहीत नसताना, एका म्हाताऱ्याला निर्धास्त झोपवून. रहीमचं नाव वाचवायला तिनं रहीमचाच नियम खोटा पाडला होता. स्वतःची तिला इतकी चीड कधीच आली नव्हती.

तिनं मोठी कात्री पिशवीत टाकली आणि दुकानाला कुलूप लावलं.

शेडमध्ये संपत आणि लिमये होते. सुटे केलेले दोन्ही पंख भिंतीशी लाकडी घोड्यांवर उभे होते, दुसऱ्या दिवशी ट्रकनं हडपसरला न्यायला. आबेदा आत आली ती थेट डाव्या पंखापाशी जाऊन उभी राहिली.

"मला हा कापायचा आहे," ती म्हणाली.

मग तिनं सगळं सांगितलं. रहीमला विसर पडत होता, कधीपासून, गाठी कशा सुटत होत्या, ती त्या दुपारी कशा मारून ठेवायची, आणि शेवटच्या बरगड्यांच्या वेळी ती तिथे नव्हतीच. सांगताना ती खाली बघत नव्हती. लिमये बघत होते.

संपतचा चेहरा उतरला. "चाची, तुम्हाला हे माहीत होतं?"

"होतं."

"आणि तरी तुम्ही बसणार होतात?"

"म्हणूनच बसणार होते."

"आणि मी?" संपत म्हणाला. "मीपण बसणार होतो ना त्यात."

"तुझा विचारच केला नव्हता रे मी," आबेदा म्हणाली. "माझं सगळं लक्ष त्यांच्याकडेच होतं."

संपत पाठ फिरवून दारात जाऊन उभा राहिला. मग लिमये पुढे आले. "सही माझी आहे, भाभी. पट्टी मी उचलायला हवी होती, आणि मी रहीमभाईंच्या पाया पडत बसलो. कापा."

तिनं कात्रीचं टोक पट्टीच्या कडेला खुपसलं. रंगाची, डोपची, कापडाची साल करकरत निघाली. रहीमनं शेवटचं हात लावलेलं या जगात जे काही होतं ते ती आपल्या हातानं फाडत होती, आणि ते सहज फाटत नव्हतं. पट्टी त्यानं फार चांगली बसवली होती.

पट्टी निघाली. खाली मेणाचा दोरा नव्हताच. गाठीही नव्हत्या.

लाल दोरा होता. ब्लाउजला घालतात तो साधा लाल दोरा, दुकानातल्या रिळाचा, लांब लांब धावत्या टाक्यांनी बरगडीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. दुसरी पट्टी काढली, तिच्याखाली तेच. तिसरीच्या खालीही. टाके सरळ, सारख्या अंतराचे, अगदी सुबक.

"हे काय आहे?" लिमये वाकून म्हणाले. "हा दोरा तर पहिल्या वळणावर तुटला असता."

आबेदा जमिनीवर बसली.

"हा कच्चा टाका आहे," ती म्हणाली. "माझ्यासाठी ठेवलेला."

तू आहेस की, तो म्हणाला होता. तिनं ती भ्रमिष्टाची बडबड समजली होती. आपली गाठ आता धरत नाही हे रहीमला माहीत होतं. पंखाला हात लावू नका म्हटलेलंही त्याच्या लक्षात होतं. म्हणून त्यानं एकही गाठ मारली नाही. दुकानात ठेवायचा तसं लाल दोऱ्यानं काम तिच्यासाठी ठेवून दिलं. आणि मग मधेच कधीतरी, त्याच दिवशी किंवा दुसऱ्या, ते सगळं त्याच्या डोक्यातून पुसलं गेलं असेल. समोर शिवलेली बरगडी दिसली असेल. शिवून झालं की पट्टी लावायची, एवढं हाताला पाठ होतं. टाके घालणाऱ्या रहीमला सगळं ठाऊक होतं, आणि पट्टी लावणाऱ्या रहीमला काहीच ठाऊक नव्हतं.

आणखी एक गोष्ट तिच्या ध्यानात आली, आणि त्यासरशी तिच्या तोंडून हुंदका फुटला. ती लांब सोडलेली टोकं. तो गबाळा झाला नव्हता. दुपारी बाजेवर पडल्या पडल्या, आत ती काय करते आहे ते त्याला कळत होतं. तिला पुन्हा गाठ मारता यावी म्हणून तो टोकं राखत होता. तिनं त्याच्यापासून लपवलं होतं, त्यानं तिच्यापासून, आणि दोघंही कापडाच्या दोन बाजूंना बसून एकमेकांना सांभाळून घेत राहिले. एकदा, एकदाच जर ती उठून पलीकडे गेली असती आणि म्हणाली असती की मला माहीत आहे, तर. ती कितीतरी वेळ रडत होती. लिमये तिथेच उकिडवे बसून राहिले आणि या वेळी त्यांनी चष्मा पुसायला बाहेर जाण्याची तसदी घेतली नाही.

शेवटी तिनं पदरानं तोंड पुसलं, लाल दोरा एका टोकाला कापला आणि अखंड ओढून काढला. "मेणाचा दोरा कुठे आहे?" तिनं विचारलं. "आणि पलीकडे कुणीतरी बसा."

संपत दारातून आत आला. त्याचा राग गेला नव्हता, पण तो पंखाच्या पलीकडे जाऊन मांडी घालून बसला. "मी बसतो. मला उडायचंय यात."

"गाठी माझ्या बाजूला," आबेदा म्हणाली. "तू नुसती सुई पाठव."

तिनं सुई घातली. दोरा पलीकडे सरकत गेला, थांबला. ती वाट बघत राहिली. संपतला जागा सापडत नव्हती. बरगडीवर सुई आपटल्याचा आवाज येत होता, एकदा "आई गं" असंही ऐकू आलं. आबेदानं डोळे मिटून घेतले. मग कापडाला टोक टोचलं आणि सुई आली, जिथे यायला हवी त्याच्या थोडी खाली. तिनं ती परत पाठवली. "वर घे," ती म्हणाली. "बोटभर वर." पुढच्या खेपेला ती बरोबर आली.

या वेळी लिमयांनी एकूण एक गाठ बोटानं ओढून पाहिली. एक गाठ त्यांनी सोडायला लावली, आणि तिनं ती बिनबोभाट पुन्हा मारली.

डोप आणि रंग पुन्हा वाळेपर्यंत तो रविवार गेला. संपतनं गेनबांना सगळं सांगितलं होतं. ते ऐकून गेनबा काय म्हणाले ते आबेदाला कळलं नाही, पण पुढच्या रविवारी ते धावपट्टीच्या कडेला उभे होते, आणि ती जवळून गेली तेव्हा त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

विमान उठलं. आबेदाला वाटलं होतं त्यापेक्षा आवाज फार आणि हिसका कमी होता. खाली कालवा, उसाचे उरलेसुरले तुकडे, मग मुळा-मुठेचं काळसर पाणी आणि पलीकडे खराडीच्या काचा उन्हात लखलखताना. संपतनं बोटानं काहीतरी दाखवलं, बहुधा शेडचा पत्रा. तिनं तिकडे बघितलं नाही. ती डाव्या पंखाच्या टोकाकडे बघत होती. कापड हललं नाही. वळणावर नाही, उतरताना नाही. गवतावर चाकं टेकून विमान थांबेपर्यंत तिनं नजर काढली नाही, आणि मग तिच्या लक्षात आलं की आपण सबंध वेळ नेहमीसारखा श्वास घेत होतो. रहीम दर वेळी घरी येऊन नुसता "आलो" का म्हणायचा, ते तिला कळलं. दुसरं सांगण्यासारखं काही नसतंच.

ती रिक्षानं पेठेत आली तेव्हा दिवस कलला होता. दुकानाचं दार उघडं होतं. तिला आधी वाटलं, आपणच कुलूप लावायला विसरलो, आणि तिला फ्रिजमधल्या किल्ल्या आठवल्या. मग तिला आत जरीना दिसली. ती मशीनपाशी बसली होती, जिथे ती आयुष्यात कधी बसली नव्हती, हात मांडीवर ठेवून. मशीनच्या सुईत दोरा नव्हता.

आबेदा पायरीशी थांबली.

जरीनानं मान वर केली नाही. "आलीस?" तिनं विचारलं.

"आले," आबेदा म्हणाली.

जरीनानं रिळाचं टोक ओढून घेतलं, जिभेवर ओलं केलं, आणि बऱ्याच खटपटीनंतर ते सुईत ओवलं.